प्याला विसळलेलं पाणी

बुधवार, ५ मार्च

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. पास्टर तेजस्वींनी गेल्या वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळावर लावली, त्यातली थोडी माझ्या डोळ्यात गेली आणि अर्धी उपासना मी डोळा चोळत काढली. मागून कोणीतरी हळहळलं. रिबेकाबाईंना पश्चात्ताप फार लवकर होतो, असा माझा लौकिक आता अंबरनाथभर होणार.

आमची मंडळी लहान. अंबरनाथला एका शिकवणीच्या क्लासचा हॉल रविवारी आणि सणावारी भाड्याने मिळतो. फळ्यावर गणितं तशीच असतात, त्यापुढे टेबल ठेवून कापड घातलं की वेदी झाली. आज कापड जांभळं होतं. उपासनेनंतर पास्टरबाईंनी मला थांबवून घेतलं. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण बोलायला लागल्या की मीच पदर सावरून उभी राहते. म्हणाल्या, ईस्टरपर्यंत दर शुक्रवारी मोठ्यांचा वर्ग घ्यायचा आहे, तुमच्या खरवईच्या घरी, आणि तो तुम्हीच घ्यायचा. मी म्हटलं, मी आयुष्यभर संडे स्कूलची पोरं सांभाळली, पोरं उलट विचारत नाहीत. त्या म्हणाल्या, मोठे विचारतील म्हणूनच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बरं आहे, आपली लिफ्ट बंद असते, विद्यार्थी एकदा वर आले की सहज पळणार नाहीत.

वर्गातून मला काय हवं ते इथे लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. ह्या ईस्टरला ह्यांनी माझ्या शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यावं. सहा वर्षं झाली, हे उपासनेला येतात, गातात, आमेन म्हणतात, आणि भाकर-प्याल्याची वेळ आली की मागच्या खुर्चीवर बसून राहतात. माझं मत आहे की मंडळीने बाजाची पेटी काढून कीबोर्ड आणला, त्यावरून रुसले. विचारलं की म्हणतात, गुडघे दुखतात.

शुक्रवार, ७ मार्च

पहिला वर्ग. आले दोघंच. प्रीती उल्हासनगरच्या एका दवाखान्यात नर्स आहे आणि तिचा नवरा जितेश एमआयडीसीत पाळीवर असतो. रात्रपाळी करून आलेला जितेश विश्वास म्हणजे काय ह्यावर मी बोलत असताना झोपला. प्रीतीने कोपर मारलं तर म्हणाला, "मावशी, मी ऐकतोय, फक्त डोळे बंद आहेत." मला वाटलं, माझाही विश्वास पुष्कळदा असाच असतो.

आमच्या धर्मशिक्षणाच्या जुन्या प्रश्नोत्तरीत प्रत्येक ओळीखाली एकच प्रश्न येतो, ह्याचा अर्थ काय. लहानपणी मला त्याची इतकी सवय लागली होती की दूधवाल्याने सलाम केला तरी मनात यायचं, ह्याचा अर्थ काय. उत्तरं पाठ होती. आज प्रीतीने विचारलं, पवित्र जनांची संगत म्हणजे नक्की कोणाची, तेव्हा पाठ केलेलं उत्तर तोंडात आलं आणि ऐकताना मलाच ते दुसऱ्या कोणाचं वाटलं. पुढच्या वेळी सांगते म्हटलं.

हे वर्गात बसले नाहीत. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लसूण सोलत होते. एवढा लसूण कशाला लागतो आम्हाला.

रविवार, ९ मार्च

पास्टरबाई महिन्यातून दोन रविवार येतात, त्यातला आजचा. प्रभुभोजन झालं. ह्यांच्या शेजारची खुर्ची सोडून मी एकटीच पुढे गेले.

प्याला मी घरी आणते, कारण हॉलमध्ये तो ठेवला तर सोमवारी मुलं त्यात खडू ठेवतील. घरी आणला की आधी थोड्या पाण्याने विसळायचा आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही, मातीत घालायचं, अशी आमच्यात रीत आहे. तिसऱ्या मजल्यावर माती कुठून आणू. म्हणून गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या बादलीत घालते. ती रंगाची जुनी बादली, आणि तिच्यातली माती शेजारच्या गोजरबाईंनी दिलेली. ही इमारत त्यांच्या भातशेतावर उभी आहे. बिल्डर पाया खोदत होता तेव्हा त्यांनी बांधावरची माती गोणीत भरून ठेवली. त्यामुळे माझं झाड तिसऱ्या मजल्यावर असलं तरी आपल्या शेतातच आहे, असं त्या म्हणतात.

मी पाणी घालायला गेले की हे नेमके गॅलरीत येतात. कधी कपडे काढायला, कधी आभाळ बघायला. आज म्हणाले, दे, मी घालतो. वाटी हातात घेऊन इतका वेळ उभे राहिले की माझी पोळी करपली. साधं पाणी ओतायला माणसाला किती वेळ लागावा.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. जितेश कानापर्यंत हिरवा होऊन आला. मी म्हटलं, राखेच्या बुधवारनंतर हिरवा शुक्रवार ऐकला नव्हता.

आज प्रभुभोजनाच्या तयारीबद्दल सांगितलं. आमच्या लहानपणी आदल्या दिवशी पाळकांकडे जाऊन नाव द्यावं लागे. पाळक विचारायचे, कोणाशी अबोला आहे का. असला तर आधी त्या माणसाला जाऊन हात द्यायचा, मग नाव लिहायचं. शनिवारी संध्याकाळी गल्लीत बायका एकमेकींच्या दारात उभ्या असायच्या, भांडणं मिटवायला. आधीचे पाळक होते तोवर हे चाललं, हल्ली नाव व्हॉट्सअ‍ॅपवर देतात, अंगठा दाखवला की झालं. प्रीती हसली. आत स्वयंपाकघरात हे काहीतरी शोधत होते, डबे उघडझाप करत.

दुपारी ऊन फार, वारा पडलेला. जमिनीवर आडवी झाले आणि डोळा लागला. स्वप्नात आमचा हॉल पाण्याने खिडकीपर्यंत भरला होता. बारवीच्या धरणासारखं शांत, हिरवं पाणी. सगळे आपापल्या खुर्चीवर बसून गात होते आणि गाणं बुडबुड्यांसारखं वर जात होतं. फक्त हे दाराबाहेर कोरड्यात उभे होते, चपला हातात धरून. मी हाक मारली, तर तोंडातून आवाज निघाला नाही. उठले तेव्हा हे माझ्यावर पंखा फिरवत बसले होते, कारण लाइट गेली होती.

सोमवार, १७ मार्च

डॉक्टरांनी ह्यांच्या हृदयाच्या तपासण्यांचे रिपोर्ट बघितले. ह्यांची बायपास करावी लागणार. दाखल व्हायची तारीख ईस्टरनंतरच्या सोमवारची दिली. हे डॉक्टरांना म्हणाले, सोयीची आहे. मी रिक्षात रडले. हे रिक्षावाल्याशी गॅसच्या भावाबद्दल बोलत राहिले.

आता मला भीती वाटते, आणि ती कसली तेही माहीत आहे. ह्यांना काही झालं आणि सहा वर्षांची ती खुर्ची तशीच राहिली, तर पुढे प्रत्येक रविवारी मी ती बघणार.

रविवार, २३ मार्च

पाणी पुन्हा ह्यांनीच घातलं. मी ऑपरेशनचे कागद लावत होते, लक्ष दिलं नाही.

संध्याकाळी गोजरबाई पाला न्यायला आल्या. रोज आमटीपुरता नेतात. आज झाडाकडे बघत म्हणाल्या, "काय गो रिबेका, तुजे झारला काय घालतंस? पाला कवरा सुटलाय." गेली कित्येक वर्षं मी त्यांच्या आमटीत काय घालते आहे, हा विचार आजवर मला शिवलाच नव्हता. पास्टरबाईंना फोन केला. त्या हसत सुटल्या. मग नीट सांगितलं की प्रभुभोजन चाललेलं असतं तोवर ते प्रभूचं, नंतर विसळलेलं पाणी म्हणजे पाणीच. मातीत घालायचं ते फक्त आदर म्हणून. गोजरबाईंच्या आमटीला काही धोका नाही. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटलं.

हे सगळं ऐकत होते. पाणीच का, असं एकदा म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

शुक्रवार, २८ मार्च

आज वर्गात क्षमेवर बोलणं चाललं होतं. जितेश जागा होता, म्हणजे विषय चांगला असणार. त्याचं आणि त्याच्या सुपरवायझरचं वाजलं आहे, त्याला हात द्यायचा का यावर तो आणि प्रीती वाद घालत होते. तेवढ्यात आतून, लसणाच्या ढिगाऱ्यामागून, ह्यांचा आवाज आला.

"आणि ज्याला हात द्यायचा राहिला, तो माणूसच गेला असेल तर?"

मला रागच आला. स्वतः वर्गात बसायचं नाही आणि आतून मला चार लोकांत अडकवायचं. म्हटलं, पास्टरबाईंना विचारून सांगते. रात्री जेवताना ह्यांच्याशी मी जरा तुटकच वागले.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. गोजरबाईंच्या दारात गुढी, आमच्याकडे उपासना आटोपून आल्यावर त्यांनी पाठवलेली पुरणपोळी. गुढीचं रेशमी कापड वाऱ्याने आमच्या गॅलरीत येऊन कढीपत्त्यावर टेकत होतं.

एक गंमत जेवताना लक्षात आली. हे लग्नापासून आमटीतला कढीपत्ता काढून ताटाच्या कडेला मांडतात. त्यावरून सासूबाई ह्यांना चिडवायच्या. आज बघते तर ताट स्वच्छ. पानं चावून खाल्ली होती, देठासकट. विचारलं तर म्हणाले, हृदयाला चांगला असतो. डॉक्टरांनी सांगितलेलं मला कसं ऐकू आलं नाही कोण जाणे. मग आठवलं की गेली काही वर्षं मी ताटाच्या कडेची पानं उचललेलीच नाहीत. रिपोर्ट तर आत्ताचे.

शुक्रवार, ४ एप्रिल

पास्टरबाई आज स्वतः वर्गाला आल्या. फोनवर तो प्रश्न सांगितला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं होतं, हे कोणी विचारलं. मी म्हटलं, आमच्या ह्यांनी, मला अडवायला. त्या म्हणाल्या, शुक्रवारी येते.

त्यांनी आधी प्रीतीचा जुना प्रश्न घेतला, पवित्र जनांच्या संगतीचा. मला विचारलं, प्रभुभोजनाला आपण चटया अर्धगोल का घालतो. मी म्हटलं, हॉल अरुंद आहे म्हणून. मी खरंच आजवर तसंच समजत होते. त्या म्हणाल्या, दूरदेशीच्या जुन्या लुथरन, म्हणजे आपल्याच पंथाच्या मंडळ्यांत वेदीचा कठडाच अर्धगोल बांधतात. दिसतो तो अर्धा आपला. उरलेला अर्धा वेदीच्या पलीकडे पुरा होतो, आणि तिकडे आपले गेलेले लोक गुडघे टेकून असतात. मेज एकच. मग त्या स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघून, आवाज न चढवता म्हणाल्या, "त्यामुळे गेलेला माणूस फार लांब नसतो. समोरच असतो."

आत पेला पडला आणि गडगडत बराच वेळ वाजत राहिला. मी उठणार होते, पण पास्टरबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. नंतर सगळे गेल्यावर बघते तर हे पेला तसाच पडू देऊन खिडकीशी उभे. लसूण सोललेला नव्हता.

मला रात्री वाटत राहिलं, आई-नाना, सासूबाई, सगळे फळ्यामागे, गणितांच्या पलीकडे.

रविवार, १३ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. ह्यांनी शेवटचं प्रभुभोजन घेतलं ते सहा वर्षांपूर्वीच्या अशाच रविवारी. मला पक्कं आठवतं, कारण त्याच आठवड्यात गावाहून शिवरामभावजी गेल्याचा फोन आला. ह्यांचे थोरले भाऊ. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही पोचेपर्यंत भावजींनी थांबायला हवं होतं, ते थांबले नाहीत, माती देऊन मोकळे झाले. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. भावजींच्या मातीला हे गेले, पण लांब, बाभळीखाली उभे राहिले. आणि परत आलो तर हॉलमध्ये नवा कीबोर्ड. त्या कीबोर्डाला मी मनातल्या मनात किती बोल लावले आहेत.

ऑपरेशनसाठी बॅग भरायला घेतली.

गुरुवार, १७ एप्रिल

संध्याकाळी उपासना होती, पण पास्टरबाई दुपारीच घरी आल्या. चहा झाल्यावर मला म्हणाल्या, रिबेकाताई, गोजरबाईंकडे थोडं बसून येता का. मला माझ्याच घरातून बाहेर काढलं.

गोजरबाई भाताची कणगी होती तेव्हाच्या गोष्टी सांगत होत्या. त्यांची गॅलरी आणि आमची लागून. जाळीतून मला दिसलं, हे कढीपत्त्याच्या बादलीशेजारी खाली बसले होते, गुडघे दुखतात म्हणणारा माणूस चक्क गुडघ्यांवर, आणि पास्टरबाईंचा हात ह्यांच्या डोक्यावर होता. ऑपरेशनसाठी प्रार्थना करत असाव्यात. बराच वेळ चालली. पास्टरबाई गेल्या तरी ह्यांचे डोळे लाल होते. मी म्हटलं, घाबरू नका, डॉक्टर चांगले आहेत. हे म्हणाले, हो.

शुक्रवार, १८ एप्रिल

उत्तम शुक्रवार. वेदीवर आज कापडही नव्हतं, नुसतं लाकडी टेबल. घरी येताना रस्ता तापलेला आणि सगळं पाण्याखाली असावं तसं हलत होतं.

घरी आल्यावर ह्यांनी चपला काढल्या नाहीत. दारातच खुर्चीवर बसले आणि बोलले.

"सहा वर्षांपूर्वी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी नाव द्यायला गेलो, तेव्हा आधीच्या पाळकांनी विचारलं, श्यामकांत, कोणाशी काही आहे का. मी नाही म्हटलं. दादाला हात द्यायला गावी जायला हवं होतं, आणि मला जायचं नव्हतं. खोटं बोलून मी रविवारी प्याला घेतला. बुधवारी दादा गेला."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. हे म्हणाले, तू क्षमा केली असतीस, म्हणून.

सहा वर्षं मी ह्या माणसाच्या शेजारी निजले आणि कीबोर्डावर रागावले. दोन्ही तारखा मला पाठ होत्या, त्या शेजारी ठेवून बघायचं मात्र सुचलं नाही. मी ह्यांच्या पायाशी बसून रडले. मग ह्यांच्या चपला मीच काढल्या.

रविवार, २० एप्रिल

ईस्टर. पहाटेची उपासना हॉलच्या गच्चीवर. खाली अंबरनाथ झोपेत, एमआयडीसीकडून रसायनाचा नेहमीचा वास, आणि मलंगगडाच्या बाजूला डोंगर धुक्यात अर्धे पुसलेले. टेबलावर पांढरं कापड. चटया अर्धगोल घातल्या, ह्या वेळी मी मुद्दाम नीट बघून घातल्या. अर्धगोलाची उघडी बाजू पूर्वेला होती.

पास्टरबाईंनी काल सांगितलं होतं की त्या भाकर देतील आणि त्यांच्यामागून प्याला मी द्यायचा. मी चटईवरून चटईवर सरकत होते, प्रीती, मग जितेश. प्याला पुसला, वळले, आणि पुढच्या चटईवर हे होते.

मान खाली नव्हती. हे समोर बघत होते, टेबलाच्या पलीकडे, जिथे कोणीच नव्हतं आणि नुकतं उजाडत होतं. मग ह्यांनी उजवा हात पुढे केला, कोणाच्या हातात द्यावा तसा, आणि धरून ठेवला. जितेशला वाटलं काका आधार मागताहेत, तो उठायला लागला. मी डोळ्यांनीच त्याला बसवलं. हात जरा वेळ तसाच राहिला आणि सावकाश खाली आला. मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ख्रिस्ताचं रक्त," मी म्हटलं, "तुमच्यासाठी." आयुष्यभर ऐकलेले शब्द. प्याला मी धरला होता की ह्यांनी, ते मला आता सांगता येत नाही.

माझं स्वतःचं प्रभुभोजन सगळ्यात शेवटी झालं, हे मागे जाऊन बसल्यावर. शेजारी गुडघे टेकायचे ते राहिलंच. घरी येईपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही.

घरी प्याला विसळला. गॅलरीत गेले आणि सवयीने थांबले, पण हे आले नाहीत. आत वळून बघितलं तर कॉटवर गाढ झोपले होते, तोंड उघडं, नवे कपडे तसेच अंगावर. मग पाणी मीच घातलं. माती कोरडी होती, लगेच प्याली.

दुपारी जेवायला बसलो. उद्याची बॅग दारात. ह्यांनी भात कालवला, आमटीतला कढीपत्ता बोटाने बाजूला केला आणि एकेक पान ताटाच्या कडेला मांडून ठेवलं, लग्नापासून मांडत आले तसं. मी बघत राहिले. ती वाटी हातात घेऊन उभं राहणं, ते देठासकट चावणं, सगळं एकामागून एक आठवत गेलं. प्याल्यापर्यंत जाता येत नव्हतं, तर हा माणूस एवढी वर्षं इथून घेत होता.

हे म्हणाले, काय बघतेस. मी म्हटलं, काही नाही, आमटी वाढू का. आणि ह्यांच्या ताटाच्या कडेची पानं उचलून मी खाल्ली.

संध्याकाळी गोजरबाई आल्या, उद्या दवाखान्यात डबा कोणी न्यायचा ते ठरवायला. जाताना नेहमीसारख्या झाडाशी थांबल्या. मी म्हटलं, आज दोन डहाळ्या न्या, आमच्याकडे आता तेवढा लागत नाही.